मागचं ऐकू येतं

शहराच्या डेपोत विजेवर चालणारी पहिली गाडी आली ती बस नव्हती, कचऱ्याची गाडी नव्हती, की साहेबलोकांची मोटारही नव्हती. ती मयताची गाडी होती.

तसं होण्याचं कारण अगदी सरकारी होतं. विजेवरच्या गाड्या वाढाव्यात म्हणून सरकारने त्या वर्षी हात सैल सोडला होता. स्कूटर घेणाऱ्याला सूट, रिक्षा घेणाऱ्याला सूट, नोंदणी फुकट, रस्त्याचा कर माफ. बघता बघता दूधवाला आवाज न करता दारात यायला लागला आणि लोकांची भांडी बाहेर ठेवायची वेळ चुकायला लागली. पेट्रोल पंपांच्या कोपऱ्यांत चार्जिंगचे खांब उभे राहिले. शहराच्या कारभाऱ्यांनाही मोठं अनुदान मंजूर झालं, पण ते वर्ष संपायच्या आत वापरायचं होतं. बस बनवणाऱ्या कंपनीकडे मागणीची रांग लागलेली. तिने सरळ हात वर केले. छोटी व्हॅन मात्र लगेच मिळत होती. मग डेपोच्या मॅनेजरबाईंनी अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली. सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत जास्त धूर ओकणारी कुठली, तर मयताची. तिच्याच जागी नवी मागवली.

"सरकारला आधी मेलेल्यांच्या तब्येतीची काळजी दिसतेय," डेपोचा फिटर म्हणाला. सगळे हसले. ती गाडी चालवणारे सावकाशकाका तेवढे हसले नाहीत.

सावकाश हे त्यांचं नाव नव्हे. अरुंद जिन्यावरून स्ट्रेचर उतरवताना, दारातून वळवताना, गाडीत सरकवताना ते एकच शब्द बोलायचे, "सावकाश, सावकाश." डेपोत नव्याने लागलेल्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. तरुणपणी काही दिवसांपुरतं म्हणून ते या गाडीवर आले, आणि दुसरं कुणी यायला तयार नाही म्हणून राहिले. पुढे दुसरीकडे जायची संधी आली तेव्हा त्यांनाच जावंसं वाटलं नाही.

जुनी गाडी डिझेलची. इंजिन चालकाच्या शेजारीच, लोखंडी झाकणाखाली. उन्हाळ्यात पोटरी भाजून निघायची. चालक आणि मागची जागा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती, तिला तळहाताएवढी काच. पत्रा कायमच खडखडायचा. काका कधी त्या काचेतून मागे बघत नसत. मागे लोक आपल्या माणसाबरोबर शेवटचे बसलेले असतात, तिकडे नजर टाकू नये, असा त्यांनी स्वतःपुरता नियमच केला होता. बायको होती तेव्हा ते तिला चेष्टेने सांगायचे, "माझ्या गाडीत कटकट नाही बघ. झोपलेला बोलत नाही, आणि बसलेले तोंडातून शब्द काढत नाहीत."

त्यांना खरंच तसं वाटायचं.

अनुदानाला एक अट होती. नवी गाडी हवी तर जुनी मोडीत काढायची, आणि ती परत कधी रस्त्यावर येणार नाही याचा दाखला द्यायचा. भंगाराच्या आवारात गाडी काकांनीच नेली. तिथल्या माणसाने आधी तेल काढलं, मग झाकण उचलून इंजिनाला आरपार भोक पाडलं. त्याच्यासाठी ते रोजचंच काम. गाणं गुणगुणत होता. काका जरा बाजूला जाऊन उभे राहिले.

"लय वर्षं होतात काय बरोबर?" त्याने विचारलं.

"होतो," काका म्हणाले.

नव्या गाडीची त्यांना धास्ती वाटत होती. बॅटरी वाटेतच संपली तर? लग्नाची वरात थांबली तर लोक फार तर चिडतात, पण मयत रस्त्यात अडकलं तर ते कुणाला तोंड दाखवणार? मॅनेजरबाईंनी त्यांना समजावलं की शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर येरझाऱ्या घातल्या तरी बॅटरी उरेल. फिटरने शेजारी बसून गाडी शिकवली. गिअर नाही, क्लच नाही. डावा पाय सारखा काहीतरी शोधत राहायचा.

"चालू झाली?" काका विचारायचे.

"कधीची झालीये," फिटर म्हणायचा.

पहिलं मयत एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं. इस्पितळातून आधी घरी आणि मग स्मशानात न्यायचं होतं. मागे त्यांची बायको एकटीच बसली. बाकीची मंडळी दुसऱ्या गाड्यांतून येणार होती. काकांनी दार लावलं, गाडी फाटकाबाहेर काढली आणि मोठ्या रस्त्याला लागले. आणि मागून बाईंचा आवाज आला.

"कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत, ते काही बोलला नाहीत."

काकांना वाटलं, आपल्यालाच काही विचारताहेत. "काय म्हणालात?" असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई पुढे बोलल्या.

"मी सगळं शोधलं. तुमच्या कोटात बघितलं. परवा विचारणार होते, तर तुमचा डोळा लागलेला. म्हटलं, उठलात की विचारू."

काकांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. नव्या गाडीतही मध्ये भिंत होती, पण ती फायबरची, पातळ, तिलाही एक छोटी काच. आणि इंजिनाचा आवाज म्हणाल तर नावाला नाही. रस्त्यावर टायर घासल्याची बारीक सूं तेवढी. बाई वाटभर बोलत होत्या. शेजारणीने चहा पाठवला तो गोड होता हे सांगितलं. मोठ्या मुलाचं विमान उशिरा पोचणार हे सांगितलं, वर "त्याच्यावर रागावू नका" म्हणाल्या. मग घर जवळ आलं तेव्हा आवाज अगदी खाली आणून त्या म्हणाल्या, "आता माणसं असतील. आता नाही बोलता यायचं."

काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांची मान वर होईना. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्यांना झालं होतं.

मग रोजच ऐकू यायला लागलं. दोन भाऊ बापाच्या मयताशेजारी बसून घर कुणाचं यावर कुजबुजत भांडले, आणि मध्येच धाकटा हुंदके देऊन रडायला लागला, तर मोठ्याने त्याला पाणी दिलं. एक बाई आपल्या मैत्रिणीला घेऊन चालली होती. ती कसलीशी जुनी आठवण काढून एकटीच हसत राहिली. एका तरुण बापाने पूर्ण वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. ते वाक्य काकांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

काकांचं जेवण कमी झालं. घरी येऊन ते नुसते बसून राहायचे. इतकी वर्षं या कामाने त्यांना कधी थकवलं नव्हतं. लोक विचारायचे, कसं हो जमतं तुम्हाला, आणि ते मनापासून म्हणायचे, त्यात काय, गाडी चालवायची. आता कळत होतं की ते जमत होतं त्या इंजिनाच्या जिवावर. डिझेलच्या आवाजाने एक जाड पडदा धरून ठेवला होता. तो आवाज गेला आणि पडदाही गेला.

शेवटी ते मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"मला पाण्याच्या टँकरवर टाका."

"काका, काय झालं? गाडी त्रास देतेय?"

"गाडी चांगलीये. मागचं ऐकू येतं."

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. "टँकर पुढच्या वर्षी विजेवरचेच येणार आहेत," त्या म्हणाल्या. "हळूहळू सगळंच येणार. पण टँकरमध्ये मागे कुणी बसत नाही हे खरं." मग म्हणाल्या, "तुमच्या जागी मी कुणाला पाठवू, तेवढं सांगा. मला नाव सुचत नाहीये."

काकांनाही सुचलं नाही.

फिटरने दोन उपाय काढले. एक म्हणजे मधल्या भिंतीला जाड फोम लावायचा. दुसरा त्याच्या मते जास्त नामी होता. या गाड्यांचा आवाज येत नाही म्हणून रस्त्यावरची माणसं दचकतात, तेव्हा गाडी हळू असताना बारीक घूं करणारा एक भोंगा कंपनीच बसवून देते. "तसलाच एक मी तुझ्या कानाशी लावतो. जुन्या गाडीचा आवाज भरून देतो त्यात. तुझी म्हातारी परत जिवंत."

"फोम लाव," काका म्हणाले. "भोंगा नको. लोकांना वाटेल मला वेड लागलं."

फोम यायला आठवडा लागणार होता. तो यायच्या आत ते मयत आलं.

वय झालेल्या एका बाईंचं होतं. मागे त्यांचा मुलगा, तोही पन्नाशीचा, नीट कपड्यातला, शांत. गाडी जुन्या बाजाराच्या रस्त्याला लागली तेव्हा तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "इथे जरा थांबता आलं असतं, नाही का गं."

काकांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि मागचं दार उघडलं. "कुठे थांबायचंय?"

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला ऐकू गेलं?"

"गेलं."

त्याने समोर बोट दाखवलं. बंद शटरचा एक अरुंद गाळा होता, वर पुसट झालेली पाटी. "शिवणाचं दुकान होतं आईचं. मी त्या टेबलाखाली बसून अभ्यास केलाय." तो उतरला नाही. काकांनी दार तसंच उघडं ठेवलं आणि जरा लांब जाऊन उभे राहिले. मागून येणाऱ्या गाड्या वळसा घालून जात होत्या, कुणी भोंगा वाजवला नाही. थोड्या वेळाने मुलाने मान हलवली आणि काका परत आपल्या जागी जाऊन बसले.

स्मशानाच्या फाटकाशी तो काकांचा हात धरून म्हणाला, "मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आपण सांगितलं तरी कोण थांबवतं, असं वाटतं माणसाला."

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती. एवढ्या वर्षांत आपल्याला कधी कुणी थांबायला सांगितलं नाही, असं काकांच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. सांगितलं नाही, की ऐकू आलं नाही? त्यांनी गाडी एका झाडाखाली उभी केली.

बायको गेली तेव्हा तिला नेणारी गाडी त्यांनी स्वतः चालवली होती. डेपोतले सगळे म्हणाले, दुसरा माणूस देतो, तू मागे बस. ते ऐकेनात. इतक्यांना पोचवलं, तिला दुसऱ्याच्या हाती कशी देऊ, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटलं होतं. मागे त्यांची एकुलती एक लेक बसली होती, नुकतं लग्न झालेली. त्या दिवसापासून लेक बदलली. भांडली नाही, यायची थांबली नाही, औषधपाण्याची चौकशी करायची. पण मधे काहीतरी गोठलं होतं. आणि त्यांनी चालवलेल्या गाडीत ती पुन्हा कधी बसली नाही. रिक्षा करीन म्हणायची, जावईबापूंना बोलवीन म्हणायची. आईचं दुःख एकेकाला असं लागतं, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी ते तिच्याकडे गेले. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायच्या कामावर होती, सुट्टी फक्त रविवारची. इमारतीखाली तिची विजेवरची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. अनुदान बंद व्हायच्या आधी मिळावी म्हणून तिने आणि जावयाने दुकानापुढे अर्धा दिवस रांग लावली होती. काकांना बघून तिच्या कपाळावर आठी आली.

"बाबा? बरं आहे ना? फोन नाही केलात."

"बराय मी. पाणी दे."

ती पाणी घेऊन आली. जावईबापू भाजी आणायला गेले होते. काकांनी भांडं दोन्ही हातांत धरलं, पाणी प्यायलं नाही.

"तुझ्या आईला नेलं त्या दिवशी," ते म्हणाले, "तू मागे होतीस. तू मला काही सांगत होतीस का?"

लेक उभी होती ती हळूच समोरच्या खुर्चीत बसली.

"आज का विचारताय?"

"सांग."

"हाका मारत होते," ती म्हणाली. "पत्र्यावर थापट्या मारल्या. काचेवर मारल्या. आईच्या डोक्याखालची उशी घसरली होती. त्या रस्त्याला सगळे खड्डे. दर खड्ड्याला तिचं डोकं खाली आपटत होतं, बाबा. मला एकटीला उचलून उशी सारता येईना. मी ओरडत होते, थांबवा, एक मिनिट थांबवा. तुमची मान दिसत होती मला काचेतून. ती हललीसुद्धा नाही."

काकांनी भांडं खाली ठेवलं. ते ठेवताना थोडं पाणी सांडलं.

"मला वाटलं," लेक पुढे बोलली, आणि आता तिचा आवाज ताठ झाला, "तुम्हाला वेळेवर पोचायचंय. तुमचं ते काम. सगळ्यांना जसं नेता तसं तिला नेताय. आपली बायको आहे म्हणून तरी थांबतील, असं वाटत होतं."

"ऐकू आलं नाही गं."

तिने मान वर केली.

"त्या गाडीत काहीच ऐकू यायचं नाही. मलाच ठाऊक नव्हतं. माझी समजूत होती की मागे कुणी बोलतच नाही. पत्रा सारखाच वाजायचा, तुझ्या थापट्या त्यात कुठल्या आणि पत्र्याच्या कुठल्या. आणि मागे बघायचं नाही ही माझी रीत. आता विजेची दिलीये. तिच्यात श्वाससुद्धा ऐकू येतो. म्हणून कळलं."

लेक खिडकीकडे बघत म्हणाली, "मी हे तुम्हाला तेव्हाच विचारायला हवं होतं."

"मीही विचारायला हवं होतं."

"मला भीती वाटायची. तुम्ही 'ऐकू आलं होतं' म्हणाला असतात तर?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. लेक उठून त्यांच्या गळ्यात पडली असं काही झालं नाही. ती आत गेली, फडकं आणून सांडलेलं पाणी पुसलं, आणि या वेळी समोर न बसता त्यांच्या शेजारी बसली.

"मग काय केलंस?" त्यांनी विचारलं. "उशीचं."

"खाली बसले. तिचं डोकं मांडीवर घेतलं. पोचेपर्यंत धरून ठेवलं."

"म्हणजे नंतर आपटलं नाही."

"नंतर नाही."

त्यांनी मान हलवली. मग जरा अडखळत विचारलं, "तिच्याशी बोललीस काही?"

"बोलले," लेक म्हणाली. "पण ते तिला सांगितलंय."

"बरं," काका म्हणाले, आणि पुढे विचारलं नाही.

जावईबापू भाजी घेऊन आले तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. काका जेवून निघाले. लेक खाली रस्त्यापर्यंत सोडायला आली. बसथांब्याकडे चालताना ती म्हणाली, "मला थोडे दिवस लागतील, बाबा. इतकी वर्षं मी एक गोष्ट खरी धरून चालले होते."

"लागू देत."

पुढच्या रविवारी तिने आपणहून फोन केला, कामाचं काही नसताना.

फोम आला. फिटर तो खांद्यावर टाकून गाडीपाशी आला तेव्हा काकांनी त्याला परत पाठवलं. त्याऐवजी त्यांनी मधल्या भिंतीची काच काढून टाकायला लावली, आणि स्ट्रेचरच्या डोक्याच्या बाजूला उशी हलणार नाही असा पट्टा शिवून घेतला. फिटर म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" तरी त्याने दोन्ही कामं त्याच दिवशी करून दिली.

त्या वर्षानंतर स्कूटरवरचं अनुदान बंद झालं. लोकांनी थोडे दिवस कुरकुर केली आणि मग तशाच घेत राहिले. डेपोत बस आल्या, टँकर आले, अंगणातली तेलाचे डाग पडलेली फरशी एका बाजूने उखडून चार्जिंगचे खांब लावले गेले. मॅनेजरबाईंनी एकदा काकांना बोलावून विचारलं, टँकरची एक जागा मोकळी आहे, अजून हवी का? काका म्हणाले, राहू दे.

सोपं झालं असं नव्हे. ऐकलेलं घरी यायचंच त्यांच्याबरोबर. पण आता दार लावायच्या आधी ते मागे बसलेल्या माणसाला सांगायचे, "मला मागचं ऐकू येतं. कुठे थांबायचं असेल, काही हवं असेल, तर नुसतं म्हणा. बाकी जे बोलाल ते तुमचं." हे ऐकून काही जण अवघडून गप्प बसायचे. काही जण आवाज खाली आणायचे. बरेच जण कुठे ना कुठे थांबायला सांगायचे, शाळेपाशी, जुन्या घरापाशी, एकदा तर नुसत्याच एका कोपऱ्यावर, आणि काका थांबायचे.

एक मध्यमवयीन बाई आपल्या भावाला घेऊन चालली होती. भावाचं दुसरं कुणीच नव्हतं, इस्पितळातून मयत तिने एकटीनेच ताब्यात घेतलं होतं. काकांनी नेहमीचं सांगितलं. ती त्यांच्याकडे वळली.

"खरंच ऐकू येतं?"

"येतं."

"मग ऐका," ती म्हणाली. "कुणीतरी ऐकायला हवं होतं." आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधीच तिने तो लहानपणी कसा होता, इथून सांगायला सुरुवात केली.